मानशीच्या पाणीमापकाचा बिल्ड सर्व्हर : परवानग्यांच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) बांधांवर मानशींपाशी, म्हणजे भरतीचे पाणी आवरणाऱ्या दारांपाशी, पाण्याची पातळी आणि खारटपणा मोजणारी यंत्रे बसतात. त्यांच्यासाठी कोडपासून चार गोष्टी घडवाव्या लागतात (हेच बिल्ड): गो भाषेतला सर्व्हर, पायथनमधला भरती-ओहोटीचा हिशेब, नोडवरचा (जावास्क्रिप्टचा) डॅशबोर्ड आणि यंत्रात जाणारी योक्टोची इमेज (यंत्रापुरते बांधलेले लिनक्स). पहिल्या तीन फोंड्याच्या अल्मालिनक्स ९ वर होतात, चौथी उबुंटू २४.०४ वर.

सुरक्षा तपासणीचा अहवाल आल्यावर शनिवारी दोन्ही सर्व्हर कडक केले. आज सकाळी चारही बिल्ड फेल. कोड शुक्रवारचाच, कमिटसुद्धा तोच. म्हणजे कोडात शोधाशोध करायचे कारण नाही.

शनिवारी काय बदलले ते आधी लिहून ठेवतो. /टेम्प आणि /वार/टेम्प वेगळे माउंट केले. त्यांना नोडेव्ह, नोएसयूआयडी, नोएक्झेक (तिथून प्रोग्राम चालवायला मनाई) लावले. लॉगिनचा यूमास्क (नव्या फाइलींच्या कुठल्या परवानग्या वगळायच्या तो आकडा) ०२२ होता, तो ०७७ झाला. एसई-लिनक्स (फाइल आणि प्रोसेस यांची लेबले पाहून परवानगी देणारे कुलूप) परमिसिव्ह होते, म्हणजे नुसती नोंद करत होते; ते एन्फोर्सिंगवर गेले, म्हणजे अडवू लागले. एफएपॉलिसीडी (विश्वासातले नसलेले प्रोग्राम अडवणारी सर्व्हिस) चालू झाले. रनर म्हणजे बिल्ड चालवणारी सर्व्हिस; तिच्या सिस्टमडी युनिटमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलीत) सात-आठ बंधने आली. सहा कुलपे एकाच दिवशी लावली, त्यामुळे कुठले अडतेय ते कळत नाही. एकेक लावून मधे एक बिल्ड चालवला असता तर आजचा दिवस वाचला असता.

आज काहीही सैल करायचे नाही असे ठरवले. एसई-लिनक्स परमिसिव्हवर टाकून “झाले बघा” म्हणायचा मोह होतो, पण त्याने फक्त एक कुलूप निघते. बाकीची पाच तशीच राहतात आणि गोंधळ वाढतो.

त्याऐवजी एरर नंबर गोळा केले. लॉगमधला मजकूर फसवा असतो, नंबर कमी फसवतो. १३ म्हणजे “परमिशन डिनाइड”: फाइलीचे मोड, एसई-लिनक्स, किंवा नोएक्झेकवरून प्रोग्राम चालवायचा प्रयत्न. १ म्हणजे “ऑपरेशन नॉट परमिटेड”: एफएपॉलिसीडी, कंटेनरचा सेककॉम्प (सिस्टिम कॉलची गाळणी), चॅटरने लावलेला इम्यूटेबल (बदलू नये असा) शिक्का, किंवा नोएक्झेकवरची लायब्ररी मेमरीत चालवण्यासाठी मॅप करणे. ३० म्हणजे “रीड-ओन्ली फाइल सिस्टिम”: आमच्याकडे हे हमखास सिस्टमडीचे काम. आणि बिल्ड १५९ कोडने मेला तर १२८ अधिक ३१, म्हणजे सिस्टिम कॉलच्या गाळणीने त्याला मारले.

नंबर मिळवायला एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारे साधन): -एफ देऊन पोटच्या प्रोसेससकट, कॅपिटल -झेड देऊन फक्त अपयशी कॉल, आणि आउटपुट फाइलीत. मोठ्या बिल्डमध्ये “फाइल नाही” म्हणणाऱ्या हजारो ओळी येतात. त्या नंबर २ च्या, सोडून द्यायच्या. सुडोसारखे सेटयूआयडी (फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालणारे) प्रोग्राम एसट्रेसखाली आपले अधिकार गमावतात, तेव्हा तिथे मिळालेला नकार खरा धरू नये.

५ ऑगस्ट

गो सर्व्हर. “गो बिल्ड” पास, “गो टेस्ट” फेल, नंबर १३, आणि वाटेत /टेम्पमधले गो-बिल्ड नावाचे फोल्डर दिसते. कंपायलर स्वतः /यूएसआरखाली बसलेला असतो आणि /टेम्पमध्ये नुसते लिहितो. लिहायला नोएक्झेकची हरकत नाही. टेस्ट मात्र तिथेच बायनरी बनवून तिथूनच चालवते. जीसीसीचेही असेच. त्याच्या मधल्या फाइली /टेम्पमध्ये पडतात, पण त्यातली कुठलीच तो चालवत नाही. म्हणून “कंपाइल तर होतेय, मग परवानगीचा प्रश्न कसा?” हा युक्तिवाद टिकत नाही.

पायथनमध्ये दोन वेगळी दुखणी निघाली. एक पॅकेज सोर्समधून बसते. पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) ते /टेम्पमध्ये उलगडतो, आतली कॉन्फिगर स्क्रिप्ट थेट चालवायला जातो आणि १३ खातो. तीच स्क्रिप्ट हाताने “एसएच कॉन्फिगर” अशी चालवली तर निघते, कारण चालतो तो शेल, स्क्रिप्ट फक्त वाचली जाते. तरी पुढे तिने बनवलेला चाचणीचा छोटा सी प्रोग्राम चालत नाहीच. तेव्हा “कंपाइल केलेले सी प्रोग्राम चालवता येत नाहीत” अशी तक्रार येते आणि लोक कंपायलर पुन्हा बसवायला धावतात. कंपायलर ठणठणीत असतो.

दुसरे दुखणे पायइन्स्टॉलरने एका फाइलीत बांधलेल्या साधनाचे. ते सुरू होताना स्वतःला /टेम्पमध्ये उलगडते आणि तिथली शेअर्ड लायब्ररी मेमरीत घेते. संदेश येतो “फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट”. मेमरी कमी पडली असे वाटावे असा मजकूर, पण नंबर १ आणि कारण तेच नोएक्झेक.

उपाय: /टेम्पला हात लावला नाही. /एसआरव्ही/बिल्ड या वेगळ्या पार्टिशनवर, जिथे नोएक्झेक नाही, “टेम्प” फोल्डर केले. मालक “बिल्डर” हा युजर, मोड ०७०० (फक्त मालकाला मुभा). (हे नाव जुने आहे. गोव्यात बिल्डर म्हटल्यावर डोंगरकापणीच आठवते, पण आता ते बदलायचे तर पन्नास ठिकाणी बदलावे लागेल.) रनरच्या युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंट ओळीत टेम्पडिर आणि गोटेम्पडिर (तात्पुरत्या फाइली कुठे टाकायच्या ते सांगणारी व्हेरिएबल) दोन्ही तिकडे वळवले. सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये टाकले नाही. ही मोकळीक बिल्डपुरतीच हवी.

दोन खाचा. सुडो वातावरण पुसून टाकतो, म्हणून सुडोनंतर टेम्पडिर उरत नाही आणि तीच चूक पुन्हा उगवते. आणि ही नवी जागा आपोआप साफ होत नाही; टेम्पफाइल्स-डी मध्ये फोल्डर, मोड, मालक, गट आणि शेवटी “२डी” अशी एक ओळ टाकली, दोन दिवसांहून जुने ते जाते.

योक्टोवाल्यांसाठी सूचना: बिटबेकच्या (योक्टोच्या बिल्ड साधनाच्या) जगात टेम्पडिर हे त्याच्या स्वतःच्या कामाच्या फोल्डरचे नाव आहे. शेलमधला टेम्पडिर वेगळा. दोघांची गल्लत नको.

६ ऑगस्ट

रूट असूनही “परमिशन डिनाइड”. रात्रीचा क्रॉन /टेम्पमधल्या बिल्डच्या लॉगमध्ये दोन ओळी जोडतो. फाइल बिल्डरची, लिहिणारा रूट. मोड तपासले, एसई-लिनक्सचा ऑडिट तपासला, काही नाही.

कारण कर्नलमधले एफएस डॉट प्रोटेक्टेड-रेग्युलर, जे लिनक्स ४.१९ पासून आहे. सगळ्यांना लिहिता येईल अशा स्टिकी फोल्डरात (जिथे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही, /टेम्पसारख्या) दुसऱ्याची फाइल “नसेल तर बनव” या पद्धतीने उघडायला गेले, आणि फाइलीचा मालक ना उघडणारा ना फोल्डरचा धनी, तर १३ मिळतो. शेलचा दुहेरी बाणही याच पद्धतीने उघडतो. रूटलाही सवलत नाही, आणि ते मुद्दामच आहे: /टेम्पमध्ये कुणी सापळा लावून ठेवला तर रूटने त्यात पाय टाकू नये. सेटिंग तसेच ठेवले, लॉग /एसआरव्ही/बिल्ड/लॉगमध्ये हलवला.

७ ऑगस्ट

रनरची सर्व्हिसच उठत नाही. जर्नलमध्ये २०३/एक्झेक. तोच प्रोग्राम बिल्डर बनून हाताने चालवला तर चालतो. हाताने चालते आणि सर्व्हिस म्हणून चालत नाही, तर पहिला संशय एसई-लिनक्सवर.

लेबल पाहायला एलएस -झेड केले. फाइलीवर लेबल यूझर-होम-टी. रनरचे झिप /होममध्ये उलगडून नंतर एमव्हीने (हलवण्याच्या आज्ञेने) /एसआरव्हीत नेले होते. एमव्ही जुने लेबल सोबत नेतो. सीपी (कॉपीची आज्ञा) नव्या जागेचे घेतो. एवढ्या फरकात सर्व्हिस अडकते, कारण सिस्टमडीला घरातल्या फाइली चालवायची मुभा नाही.

नुसते रिस्टोअरकॉन (जागेचे ठरलेले लेबल परत लावणारी आज्ञा) पुरले नाही. /एसआरव्हीखालचे ठरलेले लेबल व्हार-टी, आणि सिस्टमडी तेही चालवत नाही. म्हणून सीमॅनेज एफकॉन्टेक्स्टने रनरच्या बिन फोल्डराला, आतल्या सगळ्यासकट, बिन-टी ठरवून दिले आणि मग रिस्टोअरकॉन -आरव्ही. सीएचकॉनने (लेबल थेट बदलणाऱ्या आज्ञेने) लगेच काम भागते, पण पूर्ण रीलेबल झाले की ते पुसले जाते आणि तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की इथे काय केले होते.

फक्त बिन फोल्डरालाच हे लेबल पुरते. रनर उठला की त्याची प्रोसेस अनकन्फाइन्ड-सर्व्हिस-टी मध्ये जाते, आणि तिला व्हार-टीच्या बायनरी चालवायला अडचण येत नाही.

ऑडिट पाहण्याची रीत: एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट, आणि निकाल ऑडिटटूव्हायला द्यायचा. नकार आहे पण ऑडिटमध्ये ओळ नाही, असे झाले तर सीमॉड्यूल -डीबी ने दडवलेले नकार उघडे करायचे आणि काम झाल्यावर -बी ने पुन्हा झाकायचे. ऑडिटटूअलाउने बनवलेला मॉड्यूल न वाचता चढवू नये. तो मागेल ते देतो, योग्य-अयोग्य बघत नाही.

८ ऑगस्ट

सर्व्हिस उठली, आता बिल्ड ३० वर फेल. युनिटमध्ये प्रोटेक्ट-सिस्टिम “स्ट्रिक्ट” आहे, म्हणजे जवळजवळ सगळी फाइल सिस्टिम फक्त वाचायला. रीड-राइट-पाथ्समध्ये /एसआरव्ही/बिल्ड टाकले. प्रोटेक्ट-होममुळे /होम रिकामे दिसते, त्यामुळे गो आणि एनपीएम दोघांचे कॅश बेघर झाले. होम व्हेरिएबलच /एसआरव्ही/बिल्ड/होमकडे वळवले. प्रत्येक साधनाचे वेगळे कॅश नाव लिहीत बसण्यापेक्षा हे बरे.

नोड सुरू होतानाच मरत होता. मेमरी-डिनाय-राइट-एक्झिक्यूट काढले, तेवढे एकच. व्ही८ (नोडमधले जावास्क्रिप्ट इंजिन) चालतानाच मशीन कोड लिहितो आणि तोच चालवतो, आणि हे बंधन नेमके तेच बंद करते. असा चालताना कोड बनवणे (जेआयटी) बंद ठेवून नोड चालवता येतो, पण डॅशबोर्डच्या बिल्डला तो वेग परवडणार नाही.

नो-न्यू-प्रिव्हिलेजेस ठेवले. त्यामुळे बिल्ड स्क्रिप्टमधला सुडो बंद पडला, आणि पडू दे. “डीएनएफ इन्स्टॉल” बिल्डच्या मधोमध असणे हीच चूक होती; ती पॅकेजेस कंटेनरच्या इमेजमध्ये गेली. प्रायव्हेट-टेम्प लावल्याने नोएक्झेक सुटेल असे कुणाला वाटत असेल तर तसे होत नाही. ते खाजगी फोल्डर /टेम्पच्याच पोटात असते आणि माउंटचे बंधन सोबत येते.

दुपारी तीन ते सव्वापाच वीज नव्हती.

११ ऑगस्ट

एफएपॉलिसीडी. आठवडाभरातले सगळ्यात चिवट काम.

हे आरपीएमने (अल्मालिनक्सच्या पॅकेज पद्धतीने) बसवलेल्या फाइलींवर विश्वास ठेवते आणि बाकी काही चालवू देत नाही. बिल्ड सर्व्हर तर दर मिनिटाला नवी बायनरी जन्माला घालतो. तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) कुठल्याच यादीत नसणार. यादीत एकेक फाइल घालणे इथे निरर्थक, पुढच्या कंपाइलला हॅश बदलतो.

नंबर १ आला. खात्री करायला सर्व्हिस थांबवून एफएपॉलिसीडी --डिबग-डिनाय असे हाताने चालवले आणि दुसऱ्या टर्मिनलवर टेस्ट. प्रत्येक नकाराबरोबर नियमाचा क्रमांक मिळतो. तो नियम एफएपॉलिसीडी-सीएलआय --लिस्ट मध्ये पाहायचा.

नियम क्रमाने वाचले जातात आणि पहिला जुळलेला लागू होतो. आम्ही आपला नियम ८० क्रमांकाच्या फाइलीत ठेवला, कारण “सगळे नाकार” हा नियम ९० मध्ये आहे. गोची टेस्ट चालली, पायथनची नाही. दोन तास गेले. अविश्वासू शेअर्ड लायब्ररी नाकारणारा नियम ४१ मध्येच बसलेला आहे आणि पायथनच्या स्क्रिप्टसाठीचा ७० मध्ये. आमचा ८० तिथवर पोचतच नव्हता.

फाइल ३५ वर आणली. नियम असा: परमिशन “एनी”, यूआयडी (युजरचा क्रमांक) बिल्डर, डिर /एसआरव्ही/बिल्ड/. शेवटची तिरकी रेघ (/) हवीच. मग एफएजेनरूल्स --लोड.

१२ ऑगस्ट

कालच्या नियमाने त्या फोल्डरापुरते एफएपॉलिसीडीचे दात काढले, हे मान्य. बदल्यात: बिल्डरला लॉगिन शेल नाही, फोल्डर ०७००, आणि तयार बायनरी तिथून दुसऱ्या सर्व्हरवर जाते ती आरपीएम बनूनच. तपासणीवाल्यांना हा अपवाद कारणासकट लिहून पाठवला. अपवाद लिहून दिला की वाद होतो, पण एकदाच होतो.

१३ ऑगस्ट

कंटेनरमध्ये गो बिल्ड: “एरर ऑब्टेनिंग व्हीसीएस स्टेटस, एक्झिट स्टेटस १२८”. खालीच सुचवलेले असते की -बिल्डव्हीसीएस=फॉल्स द्या. देऊ नये. त्याने बायनरीतला कमिटचा शिक्का जातो, आणि मानशीवर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला लॅपटॉपवर “गो व्हर्जन -एम” करून कुठला बिल्ड चाललाय ते कळायलाच हवे.

मूळ कारण गिटचे. रिपॉझिटरीचा मालक वेगळा असेल तर २.३५.२ पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, गिट तिला हात लावत नाही. गो १.१८ पासून बिल्ड करताना गिटला विचारतो, म्हणून गिटचा नकार गोच्या तोंडून ऐकू येतो. आमच्या कंटेनरमध्ये कोड एका यूआयडीचा आणि बिल्ड दुसऱ्याचा. पॉडमॅनला (कंटेनर चालवणाऱ्या साधनाला) --यूझरएनएस=कीप-आयडी दिले, मालक जुळले, प्रश्न मिटला. जिथे हे शक्य नसेल तिथे गिटच्या सेफ-डिरेक्टरी सेटिंगमध्ये तो एकच रस्ता घालावा, सगळ्यांना मुभा देणारा तारा (*) नको. ही सेटिंग रिपॉझिटरीच्या आतल्या कॉन्फिगमध्ये लिहिली तर गिट मानत नाही. ग्लोबल किंवा सिस्टिममध्येच लिहावी लागते.

त्याआधी १३ आला होता, तो एसई-लिनक्सचा. व्हॉल्यूमला (कंटेनरला दिलेल्या बाहेरच्या फोल्डराला) कॅपिटल झेड लावला. ते लेबल खरोखर डिस्कवर बदलते, म्हणून /होम किंवा /यूएसआर असा मोठा फोल्डर देऊन हे अक्षर लावले तर लॉगिनसुद्धा बंद पडू शकते.

१८ ऑगस्ट

बिल्ड हिरवा, डॅशबोर्ड उघडला तर ४०३ (प्रवेश नाही). यूमास्क.

गिट फाइलीचा पूर्ण मोड साठवत नाही, चालवायची की नाही एवढेच. बाकी मोड क्लोन करणाऱ्याच्या यूमास्कवर ठरतो. ०७७ मध्ये क्लोन केले की फाइली ६००, फोल्डर ७००. इमेज बनवताना कॉपी तेच मोड आत नेते, आणि एनजिन्क्सचा (वेब सर्व्हरचा) वर्कर वेगळा युजर असल्याने त्याला वाचता येत नाही.

गंमत म्हणजे रनरकडून झालेला बिल्ड चांगला आणि एसएसएचवरून हाताने केलेला वाईट. लॉगिन-डेफ्सचा यूमास्क लॉगिनला लागतो. सिस्टमडीची सर्व्हिस आपला ०२२ घेऊन चालते. म्हणून दोघेही “माझ्याकडे चालतेय” किंवा “माझ्याकडे चालत नाही” म्हणतात आणि दोघेही खरे असतात.

आणखी एक असाच प्रकार: सुडो मेक इन्स्टॉल. ऑटोमेकची इन्स्टॉल आज्ञा फाइलींना स्वतः ७५५ किंवा ६४४ देते, पण फोल्डर एमकेडिर -पी ने बनतात आणि त्यांना यूमास्क लागतो. फाइल पाहावी तर मोड बरोबर, पण वाटेतला फोल्डर ७००. नेमआय -एल ला पूर्ण रस्ता द्यायचा. तो प्रत्येक पायरीचा मोड एकाखाली एक दाखवतो आणि कुठे दार बंद आहे ते तिथेच दिसते.

बिल्ड स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत यूमास्क ०२२ टाकला. सर्व्हरचा ०७७ तसाच. यूमास्क बदलून जुन्या फाइली सुधारत नाहीत, म्हणून सगळे क्लोन नव्याने. एखादा जुना फोल्डर टाकून देता येत नसेल तर सीएचमॉड -आर ए+आरएक्स, पहिला आर आणि शेवटचा एक्स कॅपिटल: फोल्डरांना आणि आधीच चालणाऱ्या फाइलींनाच तो चालवण्याचा हक्क देतो. लहान एक्स दिला तर रीडमीसुद्धा प्रोग्राम होऊन बसतो.

२० ऑगस्ट

उबुंटू. बिटबेक पहिल्याच ओळीत थांबतो: युजर नेमस्पेस (प्रोसेसला वेगळे, कोंडलेले वातावरण देण्याची सोय) वापरता येत नाहीत, बहुधा ॲपआर्मरमुळे (उबुंटूतले एसई-लिनक्ससारखे कुलूप). संदेश प्रामाणिक आहे, असे क्वचित होते.

हे शनिवारच्या कडकपणाचे नाही. जुन्या २२.०४ वरून २४.०४ वर त्याच दिवशी उडी मारली आणि तिथे हे बंधन मुळातच चालू असते. बिटबेकला नेमस्पेस हवे कारण तो डाउनलोडचे काम सोडून बाकी कामांना नेटवर्क तोडून चालवतो. म्हणजे एका सुरक्षेने दुसरीचा रस्ता अडवला.

कर्नलची ती सेटिंग ० केली की लगेच चालते, पण अख्ख्या यंत्रासाठी दार उघडते. त्याऐवजी ॲपआर्मरमध्ये बिटबेकच्या नावाचे छोटे प्रोफाइल: एबीआय ४.०, फ्लॅग अनकन्फाइन्ड, आत “यूझरएनएस,” एवढी एकच ओळ, स्वल्पविरामासकट. मासल्यात रस्ता “कुठलेही फोल्डर” असा असतो. आम्ही आमच्या पोकीचा (योक्टोच्या मूळ कोडच्या फोल्डराचा) पूर्ण रस्ता लिहिला. ॲपआर्मर-पार्सर -आर ने चढवले. प्रोफाइल फाइलीच्या रस्त्याला चिकटते, म्हणून “पायथन३ बिटबेक” असे चालवले तर लागू होत नाही. एका जुन्या स्क्रिप्टमध्ये नेमके तसेच होते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चारही बिल्ड सलग तीनदा पास. राहिलेले: रोज पहाटे रनरखाली चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती टेम्पडिरमध्ये दोन ओळींचा सी प्रोग्राम बनवून चालवते, एक शेअर्ड लायब्ररी उघडते, यूमास्क छापते, रनरच्या बायनरीचे लेबल छापते, आणि फाइंडमाउंटने टेम्पडिरचे माउंट पर्याय छापते. पुढच्या वेळी कुणी कुलूप बदलले तर बिल्डच्या आधी हीच ओरडेल.

उबुंटूवर तिची प्रत टाकायची आहे, तिथे नेमस्पेसची चाचणी जोडून. २७ ला चवथ (गणेश चतुर्थी), अर्धे लोक सोमवारपासून गावी. ३० पर्यंत दोन्ही सर्व्हरवर कसलाही बदल नाही.